टाकीतली वाम खात नाही, बारीक होत चालली आहे: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

लक्षणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. नवी वाम आणली, माशांच्या काचेच्या टाकीत सोडली, पाच मिनिटांत ती वाळूत शिरली किंवा दगडामागे गेली. टाकलेलं खाणं संपतं, त्यामुळे ती खात असणार असं आपण धरून चालतो. तीन-चार आठवड्यांनी एका संध्याकाळी ती काचेला लागून सरकते आणि पोटात धस्स होतं. डोकं होतं तेवढंच आहे, पण डोक्यामागे दोन्ही बाजूंना खाच पडलीय, पोट आत गेलंय, पाठीची कड सुरीसारखी वर आलीय. मग औषधांसाठी धावपळ होते, आणि आठ-दहा दिवसांत वाम जाते.

माझी पहिली वाम अशीच गेली, सातव्या आठवड्यात. दुकानदारानं सांगितलं होतं, "हिला वेगळं काही घालायला लागत नाही, खाली पडलेलं खाते, टाकी साफ ठेवते." मी ते खरं मानलं. टाकीत सहा टायगर बार्ब आणि दोन एंजल होते. ती खंगायला लागल्यावर मला वाटलं आजार आहे, म्हणून निळं औषध घातलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. तिला आजार नव्हता. ती सात आठवडे उपाशी होती, आणि उपाशी जनावराला मी औषध पाजत होते. हे मला नंतर कळलं आणि अजून खुपतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण हीच तक्रार मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणाकडून तरी ऐकू येते आणि दर वेळी पहिला प्रश्न "कुठलं औषध घालू?" हाच असतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. कोकणात वाम म्हणतात ती समुद्रातली, बाजारात मोठाले तुकडे करून विकतात ती. ती इथे अभिप्रेत नाही. मी बोलतेय ती गोड्या पाण्यातली, पाठीवर काटे असलेली वाम, दुकानात जिला नुसतं 'ईल' म्हणतात. खरं तर ही खऱ्या ईलच्या कुळातली नाहीच. तिच्या पाठीवर पंखाच्या पुढे बारीक, सुट्या काट्यांची रांग असते. एरवी ते काटे मिटलेले असतात, हातात धरलं की उभे राहतात आणि टोचतात. उजनीच्या फुगवट्यात, कृष्णेत, गोदावरीत मिळते ती मॅस्टासेम्बेलस आर्मेटस. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८०० साली लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं केलं. दुकानात हीच 'झिगझॅग' किंवा 'टायर ट्रॅक' या नावानं येते. पाठीच्या पंखाखाली डोळ्यांसारखे ठिपके असलेली 'पीकॉक ईल' थायलंडकडची, फूटभराच्या आत राहते. लाल पट्ट्यांची 'फायर ईल' मात्र मीटरभर वाढू शकते, आणि दुकानात ती चार-पाच इंचांची असताना विकतात. घरगुती टाकीसाठी मी पीकॉकच सुचवते. आपली झिगझॅगसुद्धा मोठी झाली की दोन-अडीच फुटांच्या पुढे जाते, चार फुटी टाकी तिला पुरत नाही.

आता मुद्द्याकडे. माझे मामा भिगवणच्या बाजूला राहतात, उजनीच्या काठावर त्यांचं आयुष्य गेलं. पहिली वाम गेल्यानंतर एकदा ते पुण्याला आले होते. मी रिकामी टाकी दाखवत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, वाम कधी दिवसा गळाला लागलीय का?" मग सांगायला लागले: वामीसाठी गळ अंधार पडल्यावर टाकायचा, गांडूळ लावून, आणि तो पार तळाला, दगडांच्या सांदीत बसला पाहिजे. पाण्याच्या मध्यावर लटकलेल्या गळाला वाम येत नाही. पिठाच्या गोळीला येत नाही. उजेडात तर नाहीच.

मी काय करत होते? संध्याकाळी सात वाजता, दिवा लावून, वरून तरंगणारे दाणे टाकत होते.

वामीच्या न खाण्यामागचं सर्वांत जास्त आढळणारं कारण एवढंच आहे: अन्न टाकीत असतं, तिच्यापर्यंत पोचत नाही. पण तुमच्या टाकीत हेच कारण आहे की दुसरं, हे अंदाजानं ठरवू नका. तीन रात्रींची एक साधी चाचणी आहे, ती आधी करा. औषधाची बाटली तोवर कपाटात राहू दे.

बाकीचे मासे तीन रात्रींसाठी दुसऱ्या टाकीत हलवा. टाकी नसेल तर मोठा टब चालतो, त्यात हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावतात तो, बुडबुडे सोडणारा) सोडायचा आणि वर झाकण ठेवायचं. वामीला हलवू नका, बाकीच्यांना हलवा. वाम नव्या जागी गेली की पुन्हा दोन-चार दिवस खात नाही आणि चाचणीच फुकट जाते. हलवणं शक्यच नसेल तर बारीक छिद्रांच्या प्लॅस्टिकच्या जाळीनं टाकीचे दोन भाग करा, पण जाळी वाळूतून खाली थेट काचेपर्यंत रोवा. वाळूवर नुसती टेकवलीत तर वाम रात्री खालून पलीकडे जाते. माझ्याकडे गेलीय.

रात्री दिवे गेल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. मग काचेच्या छोट्या बशीत गांडुळाचे किंवा ब्लडवर्मचे (माशांना घालतात त्या बारीक लाल अळ्या) दहा तुकडे मोजून ठेवा आणि बशी तिच्या लपण्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर वाळूवर टेकवा. दोन तासांनी बघा. सकाळपर्यंत थांबू नका, कारण टाकीत गोगलगाई असतील तर त्या रात्रीतून बशी साफ करतात आणि आपल्याला वाटतं वामीनंच खाल्लं. बघायला साधी टॉर्च नको. आकाशकंदिलाला लावतो तो लाल जिलेटीन कागद टॉर्चवर दुहेरी घालून रबर लावा. लाल उजेडानं वाम फारशी बिचकत नाही. मी अशीच पहिल्यांदा माझ्या दुसऱ्या वामीला जेवताना पाहिलं. वाळूतून आधी फक्त नाक आलं. तिचं नाक सोंडेसारखं असतं, टोकाला दोन बाजूंना दोन नळ्या, त्या तिच्या नाकपुड्या. ती सोंड आधी डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग बशीच्या काठावर टेकली, काठाकाठानं फिरली. डोळ्यांनी ती काहीच शोधत नव्हती, सगळं वासावर चाललं होतं. गांडुळाच्या तुकड्याला नाक लागलं तशी क्षणभर थांबली आणि शेवई ओढावी तसा तो तुकडा आत ओढला. पाच तुकडे खाल्ले आणि उलट्या चालीनं, शेपटीकडून, वाळूत परत गेली.

तीन रात्रींनंतर तीनपैकी एक गोष्ट दिसते. एकटी असताना तिनं खाल्लं, तर दोष सोबतच्या माशांचा आणि खाऊ घालण्याच्या पद्धतीचा आहे. एकटी असूनही तोंड लावलं नाही, तर पाणी, तापमान, वाळू, लपायची जागा किंवा खाण्याचा प्रकार बघायचा. आणि ती रोज पोटभर खातेय, तरीही खंगतेय, तर पोटातले जंत. हे तिसरं प्रकरण वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

एकटी असताना खाल्लं, असं असेल तर निम्मी लढाई जिंकलीत. टायगर बार्ब, डॅनियो, रोझी बार्ब, मोठे एंजल ही मंडळी खाणं तळाला पोचूच देत नाहीत. पण लोक ज्यांना विसरतात ते तळाचे मासे: क्लाउन लोच आणि इतर लोच, मिशावाले कॅटफिश. हेही रात्री जागे असतात, हेही वासावर येतात, आणि वामीपेक्षा दसपट चपळ असतात. वाम सावकाश वास घेत येईतो त्यांचं जेवण आटोपलेलं असतं. चार क्लाउन लोच आणि एक छोटी पीकॉक एकाच टाकीत असतील तर पद्धत कितीही सुधारा, वाम अर्धपोटीच राहणार. तिथे एकाला दुसरं घर शोधावंच लागतं. सकर माशाबद्दलही सावध राहा. मोठा झालेला सकर रात्री स्वस्थ पडलेल्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटतो, आणि वाम दिवसभर स्वस्थच पडलेली असते. (नको झालेला सकर किंवा फायर ईल नदीत, तलावात सोडू नका. सकर परदेशातला मासा आहे आणि आपल्या जलाशयांत तो आधीच शिरलाय.)

बाकी मासे शांत असतील, गुरामी वगैरे, तर पुढची पद्धत हमखास चालते. बाकीच्यांना दिवा चालू असताना, टाकीच्या दुसऱ्या टोकाला, नेहमीपेक्षा थोडं जास्त खायला घाला. दिवा बंद करा. पाऊण तासानं वीस मिलीची सिरिंज घ्या, सुई काढलेली, तिच्या तोंडाला एअर पंपाची नळी बसवा, आणि ती नळी तेवढ्याच लांबीच्या कडक काडीला रबरानं बांधा, म्हणजे पाण्यात ती वाकडीतिकडी जात नाही. टाकीतलंच पाणी आणि ब्लडवर्म सिरिंजमध्ये ओढून घ्या आणि तिच्या तोंडापुढे, चार बोटांवर, अगदी हळू सोडा. जोरात दाबलंत तर ती बिचकून आत जाते आणि त्या रात्री पुन्हा येत नाही.

दुसरी युक्ती पीव्हीसी पाईपची. अर्ध्या किंवा पाऊण इंची पाईपचा वीतभर तुकडा, कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या. तो वाळूत अर्धा पुरून ठेवा. दोन-तीन दिवसांत वाम त्यात राहायला लागते. खाणं सिरिंजनं पाईपच्या आतच सोडायचं. एंजल, गुरामी असे उंच अंगाचे मासे त्यात शिरू शकत नाहीत. वाम जाड झाली की पाईप वेळेत बदला. एकदा पुढे गेलेल्या वामीला अरुंद जागेत काट्यांमुळे मागे येणं जड जातं.

आता दुसरी शक्यता: एकटी होती, शांतता होती, तरी खाल्लं नाही. इथे घाई करू नका. नुकतीच आणलेली वाम आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही खात नाही. अंगानं भरलेली असेल तर तेवढं ती सोसते. पण आधीच खाच पडलेली असेल तर प्रत्येक दिवस मोलाचा आहे, म्हणून पुढच्या गोष्टी एकाच दिवशी तपासा.

पाण्यापासून सुरुवात करा. अमोनिया आणि नायट्राईट शून्यच पाहिजे, 'जवळजवळ शून्य' चालत नाही. टाकी नवी असेल, महिना-दीड महिना झालेला नसेल, तर फिल्टरमध्ये घाण पचवणारे जिवाणू अजून पुरेसे तयार झालेले नसतात आणि वाम हा अशा टाकीत सोडायचा मासाच नाही. पीएच साडेसहा ते साडेसात ठीक. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, आणि नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन घातल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा तर विशेष जपा. वाम वारंवार वर येऊन तोंड बाहेर काढत असेल तर ते भुकेचं लक्षण समजू नका. या कुळातल्या काही जाती वरची हवा घेऊ शकतात, आणि पाण्यात प्राणवायू कमी पडला किंवा नायट्राईट वाढलं की त्या तसं करतात.

मग तापमान. २४ ते २८ अंशांत ती नीट खाते. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे घरातलं पाणी रात्री २० च्या खाली उतरतं, आणि "कालपर्यंत खात होती, आता नाही" ही तक्रार बहुतेक वेळा याच दिवसांतली असते. हीटर लावला की तीन-चार दिवसांत भूक परत येते. मात्र हीटरला जाळीचं आवरण हवंच. वाम ऊब शोधत त्याला विळखा घालून बसते आणि पोटाखालची कातडी भाजते. विदर्भात उलटी तऱ्हा, एप्रिल-मेमध्ये पाणी ३३-३४ च्या वर जातं. तिथे झाकण काढायचा मोह आवरा, पाण्यावरून पंख्याचा वारा द्या आणि झाकणाच्या जागी बारीक जाळी घट्ट बसवा.

वाळूबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण हा दोष डोळ्यांना दिसत नाही. वामीला पुरून घ्यायला मऊ, बारीक वाळू लागते, दोन-तीन इंच तरी. टाकीत रंगीत खडी असेल तर तिला शिरताच येत नाही, ती दिवसभर उघड्यावर पडते, सतत धास्तावलेली राहते, आणि धास्तावलेला मासा खात नाही. खडीत जबरदस्तीनं शिरली तर अंग खरचटतं. तिचे खवले इतके बारीक असतात की अंग नागवंच म्हणा, खरचटलेल्या जागी लगेच जंतुसंसर्ग होतो. आता गेल्या काही वर्षांतली नवी अडचण: घरी काम निघालं म्हणून बांधकामावरची वाळू आणून धुऊन टाकीत घालतात. ती हल्ली बहुतेक क्रश सँड असते, खाणीतला काळा दगड दळून केलेली. चिमूटभर हातावर घेऊन दुसऱ्या तळव्यानं चोळा. नदीची वाळू घरंगळते, क्रश सँड टोचते. भिंगाखाली तिचे कण फुटलेल्या काचेसारखे कोनाकोनाचे दिसतात. त्यात वामीनं रोज रात्री ये-जा करायची म्हणजे काय होत असेल ते बघा. गोल कणांची सिलिका वाळू टाकीच्या दुकानात मिळते, ती घ्या. पिठाच्या चाळणीनं चाळा, पाणी नितळ होईपर्यंत धुवा. शिंपल्यांचा चुरा वाटला तर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहा. फसफसली तर ती वाळू नको, पाणी जड होतं.

लपायच्या जागा एकापेक्षा जास्त हव्यात, आणि टाकीवरचा दिवा दिवसाचे सात-आठ तास पुरे. तरंगत्या वनस्पती असतील तर सावली आपोआप मिळते. आणखी एक: ती दिसत नाही म्हणून वाळू उकरून बघू नका. दिवसभर फक्त नाक बाहेर ठेवून पडून राहणं हा तिचा स्वभाव आहे. दर वेळी उकरलं की ती जागा बदलते आणि त्या रात्रीचं जेवण चुकतं.

हे सगळं ठीक असेल तर मग खाण्याचा प्रकार. दाणे आणि फ्लेक्स सुरुवातीला विसरा. सर्वांत खात्रीचं म्हणजे गांडूळ, पण कुठलंही नाही. गांडूळखताच्या बेडमधली लालसर, पट्ट्यापट्ट्यांची गांडुळं, आयसेनिया फेटिडा, दाबली की पिवळट, उग्र वासाचा द्राव सोडतात. पुष्कळ मासे ती तोंडात घेऊन थुंकतात. "गांडूळ पण खात नाही" असं सांगणाऱ्यांना मी आधी विचारते की गांडूळ कुठलं होतं. बागेतल्या, कुंडीखालच्या ओल्या मातीतलं साधं गांडूळ घ्या. जिथे फवारणी किंवा रासायनिक खत होतं तिथलं नको. ओल्या नारळाच्या काथ्यात एक दिवस ठेवा म्हणजे पोटातली माती निघून जाते, मग स्वच्छ धुऊन वामीच्या तोंडात मावेल एवढे तुकडे करा. छोट्या पीकॉकला तांदळाच्या दाण्याएवढे पुरतात.

गोठवलेले ब्लडवर्म दुसऱ्या क्रमांकावर. क्यूब वाटीत टाकीच्याच पाण्यात विरघळवा आणि वरचं लाल पाणी ओतून द्या, ते टाकीत गेलं तर फक्त घाण वाढवतं. जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल किडे) वाम आवडीनं खाते यात शंका नाही, पण ते बहुतेक सांडपाण्याच्या नाल्यांतून काढलेले असतात. मी घालत नाही. अगदीच दुसरं काही चालत नसेल तर दोन-तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवून, दिवसातून चार वेळा धुऊन मगच घाला. ताजी कोळंबी, सोललेली, बारीक चिरलेली, आठवड्यातून एकदा ठीक. रोज नको, कारण कच्च्या कोळंबीत थायामिनेज असतं आणि ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं. सुका जवळा अजिबात नको, खारट आणि कडक असतो. चिकन-मटणही नको, ती चरबी तिला पचत नाही.

पोटभर खाऊनही खंगणारी वाम हे तिसरं प्रकरण. नदीतून पकडून आलेल्या माशांत आतड्यातले जंत असणं नवलाचं नाही. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी असेल आणि तीन-चार आठवडे नियमित खाऊनही खाच भरत नसेल, तर संशय घ्या. चपट्या जंतांवर प्राझिक्वांटेल, गोल जंतांवर लेव्हामिसोल वापरतात. पण दोन्ही एकदम नाही, आणि प्रमाण माशांचे आजार बघणाऱ्या पशुवैद्याला टाकीचे नेमके लिटर सांगून ठरवा. टाकीचे लिटर काढायला लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजारानं भागा, वाळूचे थोडे वजा करा. "तीन फुटी टाकी आहे" हे माप नव्हे.

औषधाबद्दल एवढंच पक्कं लक्षात ठेवा: बारीक खवल्यांमुळे वामीला मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन आणि तांब्याची औषधं इतर माशांपेक्षा जास्त बाधतात. बाटलीवरचा पूर्ण डोस तिच्यासाठी जास्त ठरू शकतो. टाकीत पांढऱ्या ठिपक्यांची साथ आली तर आधी तापमान दिवसाला एखाद्या अंशानं चढवत ३० पर्यंत न्या, हवेचा दगड वाढवा, पाणी बदलत राहा. तरी औषध लागलंच तर निम्म्या डोसनं सुरुवात करा.

आणि ज्यांची वाम अचानक दिसेनाशी झालीय त्यांनी उपासमारीचा विचार करण्याआधी टाकीच्या मागे, सोफ्याखाली, फ्रिजमागे बघा. हीटरची वायर जिथून आत जाते तेवढी फट तिला पुरते. जमिनीवर पडलेली वाम कोरडी दिसली तरी लगेच टाकून देऊ नका, ओल्या हातानं उचलून टाकीच्या पाण्यात ठेवा. अंगावर ओल शिल्लक असेल तर कधीकधी ती सावरते. फटी स्पंजच्या तुकड्यांनी बंद करा. फिल्टरच्या तोंडालाही स्पंज लावा, छोट्या वामी त्यातून आत ओढल्या जातात. पकडायची वेळ आली तर जाळं वापरू नका, काटे जाळ्यात अडकतात आणि सोडवताना अंग फाटतं. पाईपमध्ये बसलेली असताना पाईपची दोन्ही तोंडं हातांनी झाकून पाईपसकट उचला.

खायला लागलेल्या वामीला पहिल्या आठवड्यात एकदम भरपूर घालू नका. उरलेलं सडतं, अमोनिया वाढतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. माझ्या दुसऱ्या वामीला, पीकॉक होती, आणली तेव्हाच खाच पडलेली होती. पहिले दहा दिवस रोज रात्री साडेदहाला पाच-सहा तुकडे, फक्त गांडूळ. मग एकाआड एक दिवस ब्लडवर्म. साधारण पाचव्या आठवड्यात मान भरून आली, वरून पाहिलं की डोकं आणि अंग एका रेषेत दिसायला लागलं. त्यानंतर मी बुडणारे दाणे ब्लडवर्मच्या लाल पाण्यात भिजवून गांडुळाच्या तुकड्यांत मिसळायला लागले, आधी दोन, मग चार. दाणे तिनं महिनाभर बाजूला सारले, मग एके रात्री एक घेतला.

आता ती चार वर्षांची आहे. आठवड्यातून चार रात्री खाते. साडेदहा वाजले की पाईपच्या तोंडाशी नाक येतं आणि सिरिंजची नळी पाण्यात शिरायच्या आधीच डावीकडे-उजवीकडे फिरायला लागतं. गेल्या दिवाळीत मामा आले होते, त्यांना अंधारात टाकीसमोर बसवलं, हातात लाल कागद लावलेली टॉर्च दिली. पंधरा मिनिटं ते काही बोलले नाहीत. ती जेवून परत वाळूत गेल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं धरली गं, पण जेवताना आज पाहिली."